फणस कुठे गेले?

गेल्या महिन्यात माझ्यावर एक विचित्र प्रसंग ओढवला. चाळीस वर्षांपूर्वी मीच मारलेली एक थाप माझ्याकडे परत आली. ती आली ती अगदी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, इतिहास म्हणून! सकाळी चहा घेत फोन उघडला, तर एका माजी विद्यार्थ्याने पाठवलेला मजकूर समोर. "पनवेलच्या सुतारांनी १९४२ साली बनवलेले लाकडी बॉम्बर विमान : इंग्रजांनी दडपलेला इतिहास". शेवटी माझे नाव, आणि त्यापुढे "ज्येष्ठ इतिहास अभ्यासक" अशी पदवी. खाली सूचना : प्रत्येक पनवेलकराने हे किमान दहा जणांना पाठवावे.

मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. बी. ए. मराठी माध्यमातून झालो. संशोधन वगैरे माझ्या हातून कधी झाले नाही. त्यामुळे आधी मला हसू आले, आणि चहा संपेपर्यंत ते ओसरले. का, ते सांगण्यासाठी आधी मूळ थाप सांगावी लागेल.

डिसेंबर १९७१. युद्ध सुरू होते आणि मुंबईबरोबर आमच्याकडेही ब्लॅकआऊट असे. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले. भोंगा वाजला की घरातले दिवे मालवून सगळे माजघरात बसत. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, पण घरात लहान भावंडे बरीच होती. ती घाबरून रडत. अशा वेळी आमचे धाकटे काका अंधारात तपकिरीची डबी उघडत. डबीचे झाकण टक् करून वाजले की आम्हा मोठ्यांना कळे, आता लोणकढी थाप येणार.

काकांनी सांगितलेली गोष्ट अशी. १९४२ साली जपान ब्रह्मदेशापर्यंत आला. सरकारकडे विमाने कमी. साहेबाला कोणीतरी सांगितले की पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांना तोड नाही. साहेब आला, चाके पाहिली, म्हणाला, "याला पंख लावा!" आमच्या सुतारांनी सागवानी पंख लावले. विमानाचे नाव पनवेल बॉम्बर क्रमांक साडेतीन. पहिली तीन का पडली, हे सरकारी गुपित. अर्धे कुठे गेले, ते सुतारालाही ठाऊक नाही. उड्डाणासाठी खिल्लारी बैलांची जोडी पुढे जुंपायची. वेग आला की गाडीवानाने उडी मारून बैल सोडायचे. एकदा तो सोडायला विसरला आणि बैल कर्नाळ्याच्या सुळक्यावर चरताना सापडले.

आणि बॉम्ब? बॉम्ब म्हणजे फणस. एका खेपेला एकशे अकरा. त्यातही बरका तो बॉम्ब आणि कापा तो वैमानिकाचा शिधा, असा लष्करी भेद होता. बरका फणस वरून पडला की फुटायचा, शत्रूचे हात चिकाने बरबटायचे, बंदूक हाताला आणि हात मिशीला चिकटायचा. चीक काढायला लागते खोबरेल, आणि जपान्यांनी खोबरेल आणलेच नव्हते! मग योजना बंद का पडली? पहिले कारण, वैमानिकाने काळोखात बरका कोणता आणि कापा कोणता हे न ओळखता सगळा दारूगोळा खाल्ला. दुसरे, जून उजाडला, लाकूड पावसाने फुगले आणि विमान गोदामाच्या दारातून बाहेर निघेना.

तोवर भोंगा थांबलेला असे आणि मुले रडायची थांबून पोट धरून हसत असत. त्या अंधारात ती गोष्ट औषध होती.

पुढे १९८६ साली शाळेच्या हस्तलिखितासाठी मी ती गोष्ट लिहून काढली, मुद्दाम संशोधकाचा आव आणून. तळटीपा दिल्या : "पाहा, काकांचे अप्रकाशित बाड, पान गहाळ." मुलांनी विमानाचे चित्र काढले, पंखाखाली फणस लोंबकळताना. अंक सर्वांना आवडला, कपाटात गेला, मी विसरलो.

आता जो मजकूर फिरतो आहे तो मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. सुतार आहेत, १९४२ आहे, सागवान आहे, साहेब आहे. काही वाक्ये तर शब्दशः माझी आहेत. पण फणस नाहीत! बैल नाहीत, गोदामाचे दार नाही, "साडेतीन"चे सरळ "तीन" झाले आहे. ही गंमत आहे हे ज्या ज्या खुणेवरून कळले असते, ती प्रत्येक खूण कोणीतरी वेचून काढली आहे, तांदळातले खडे निवडावेत तशी. त्या जागी नवे एकच वाक्य आले आहे : "हे तंत्रज्ञान जगाला कळू नये म्हणून इंग्रजांनी सर्व पुरावे नष्ट केले."

मला या लेखात जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते.

विनोदी बनावट इतिहास हा मोठा चांगला प्रकार आहे. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून गंभीर चेहऱ्याने गंमत करण्याची परंपरा आहे. अत्र्यांची 'झेंडूची फुले' १९२५ साली आली, तेव्हा वाचक हसले, कारण कोणाची नक्कल चालली आहे हे त्यांना माहीत होते. म्हणजे अशा विनोदात लेखक आणि वाचक यांच्यात एक करार असतो. लेखक डोळा मिचकावतो, वाचकाला ते दिसते. काकांच्या डबीचा टक् आवाज हा तो करार. तो आवाज काढून टाकला की उरते ते निव्वळ खोटे, आणि ते खोटे कोणी सांगितले तर मी!

कोणी म्हणेल, मास्तर, लाकडी बॉम्बर ही कल्पनाच इतकी हास्यास्पद, तिच्यावर कोण विश्वास ठेवील? इथेच तर पंचाईत आहे. युद्धकाळातला खरा इतिहास काकांच्या थापांना मागे टाकील असा आहे. लाकडी बॉम्बर खरोखरच होते. ब्रिटिशांचे 'मॉस्किटो' प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचे. नोव्हेंबर १९४० मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि फर्निचर करणाऱ्या कारागिरांनीही त्याचे भाग बनवले. धातूच्या जमान्यात लाकूड कसले, म्हणून आधी अनेकांनी नाके मुरडली. पण त्या युद्धातल्या अत्यंत यशस्वी विमानांत ते गणले गेले. पुढे १९४४ साली आपल्या बाजूच्या आघाडीवर काही मॉस्किटोंच्या पंखांचे सांधे निखळले, तेव्हा चौकशी बसली. लाकूड, डिंक, दमट हवा! काका फार काही चुकले नव्हते.

त्याआधीचे एक उदाहरण तर थेट सुतारकामाचे. इंग्लंडात टॅरंट नावाचे एक घरबांधणी कंत्राटदार होते. बर्लिनवर बॉम्ब टाकण्यासाठी त्यांनी लाकडी सांगाड्याचे प्रचंड विमान बांधले. एकावर एक तीन पंख, सहा इंजिने, दोन वर आणि चार खाली. ते तयार होईपर्यंत पहिले महायुद्धच संपले. २६ मे १९१९ रोजी फार्नबरो येथे ते पहिल्या उड्डाणासाठी धावले. वरच्या इंजिनांचा जोर लावला आणि विमान नाकावर उलटले. दोन्ही वैमानिक गेले. हे वाचल्यावर मला 'क्रमांक साडेतीन'चे हसू जरा आवरावे लागले.

अमेरिकेत एका दंतवैद्याने १९४२ साली थेट राष्ट्राध्यक्षांना कळवले की वटवाघळांच्या अंगाला छोटे आगलावे बॉम्ब बांधून जपानवर सोडावीत. ती घरांच्या वळचणीला बसतील आणि शहर पेटेल. या योजनेवर खरोखर पैसा खर्च झाला. १९४३ साली न्यू मेक्सिकोत चाचणीच्या वेळी वटवाघळे सुटली आणि त्यांनी सैन्याचाच नवा तळ पेटवून दिला! स्किनर या नामवंत मानसशास्त्रज्ञाने बॉम्बच्या नाकात कबुतरे बसवून, त्यांच्या चोचींनी बॉम्बला दिशा देण्याचा प्रयोग केला. पाइक नावाच्या इंग्रजाने बर्फात लाकडाचा लगदा मिसळून विमानवाहू जहाज करायचे ठरवले आणि १९४३ साली कॅनडातल्या एका तळ्यात त्याचा नमुना तरंगलासुद्धा. जर्मनांनी दोन बॉम्बर शेजारी शेजारी जोडले, मध्ये पाचवे इंजिन बसवले, आणि त्या जोडविमानाला अवजड ग्लायडर ओढायच्या कामाला जुंपले. खिल्लारी जोडीच ती!

मग खरे आणि बनावट ओळखायचे कसे? मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. खऱ्या इतिहासात अपयश असते. विनोदी इतिहासात फजिती असते. आणि बनावट इतिहासात फक्त यश असते, आणि शेवटी एक कट. टॅरंटच्या विमानाचा नाकावर पडलेला फोटो आहे. राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण किती? बारा सेकंद, एकशे वीस फूट. त्याच दिवशी वाऱ्याने ते विमान उलटून मोडले. हे सगळे नोंदलेले आहे. जिथे मोडतोड, खर्च, चुका आणि मार खाल्लेली माणसे दिसतात, तिथे बहुधा काहीतरी खरे घडलेले असते.

ही कसोटी लावली की आपल्या मुंबईच्या शिवकर बापूजी तळपद्यांची गोष्ट आठवते. चिराबाजारचे तळपदे हे खरे गृहस्थ. विमानविद्येचा त्यांना खरा ध्यास होता. पण त्यांच्या नावाने सांगतात ते असे : १८९५ साली चौपाटीवर त्यांचे वैमानिकाविना 'मरुत्सखा' विमान पंधराशे फूट उंच उडाले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते, वर्तमानपत्रात बातमी आली, आणि मग इंग्रजांनी सारे दडपले. सांगणारे बातमीचा हवाला देतात, कात्रण मात्र दाखवत नाहीत. आधीचे पडलेले नमुने नाहीत, आराखडे नाहीत, पुन्हा केलेला प्रयत्न नाही. एकदम पंधराशे फूट. आणि समजा, माणूस न बसवलेला नमुना उडालाही असेल, तरी तेवढ्याने "राइट बंधूंच्या आधी" हे कसे ठरते? राइट बंधूंचे महत्त्व माणूस बसवून विमान ताब्यात ठेवण्यात आहे. माणसाविना लँगली यांचे वाफेवरचे विमान अमेरिकेत मे १८९६ मध्ये सुमारे एक किलोमीटर गेलेच होते.

तळपद्यांच्या नावाशी ज्याची सांगड घालतात त्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचेही तसेच. भरद्वाज ऋषींच्या नावावर असलेला हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तोंडी सांगितला आणि दुसऱ्यांनी तो उतरवून घेतला. त्यातल्या चित्रांची रेखाटने बंगळुरात झाली. १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी तो तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की हा मजकूर १९०४ च्या आधीचा नाही, त्यातली संस्कृत भाषा अर्वाचीन आहे आणि वर्णन केलेल्या शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर यांपैकी एकही विमान उडू शकत नाही. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या, मागेसुद्धा उडणाऱ्या, ग्रहाग्रहांवर जाणाऱ्या विमानांवर निबंध वाचला गेला. त्याच महिन्यात तळपद्यांवरचा हिंदी चित्रपटही आला. चित्रपटाचे मी काही म्हणत नाही, तिकीट काढताना करार झालेला असतो. विज्ञानाच्या व्यासपीठावर तो करार नसतो.

आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. नव्वदच्या सुमारास मी वर्गात मरुत्सखाची गोष्ट छाती फुगवून सांगितली होती. पाठीमागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मग ते विमान आता कुठे आहे?" मी म्हणालो, "फाजील प्रश्न विचारू नकोस, बस खाली." ती बसली. माझ्या नोकरीतला तो बहुधा सर्वांत चांगला प्रश्न होता आणि मी त्याला खाली बसवले. माझी थाप आज ज्यांनी पुढे पाठवली, त्यांतले कितीतरी माझेच विद्यार्थी आहेत. त्यांना प्रश्न न विचारण्याची सवय कोणी लावली?

मी ताबडतोब गटावर खुलासा लिहिला : "हा मजकूर माझ्या एका विनोदी लेखाची मोडतोड आहे. असे विमान कधीही नव्हते." उत्तरे वाचण्यासारखी होती. एकाने लिहिले, "सरांचा विनय!" दुसऱ्याने हात जोडलेली चित्रे पाठवली. तिसऱ्याने खासगीत विचारले, "सर, तुमच्यावर कोणाचा दबाव आला का?" म्हणजे मीच लिहिलेले खोटे, मीच खोटे आहे म्हणून सांगितले, तर मीच कटात सामील!

पण खरे बोचले ते त्यानंतर. त्याच गटातल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. त्याचे आजोबा बैलगाडीची चाके करीत. पनवेल एके काळी त्या चाकांसाठी नावाजलेले होते, ही गोष्ट मात्र अगदी खरी. तो म्हणाला, "सर, मजकूर मी छापून फ्रेम करून घेतलाय. आईने आजोबांच्या फोटोशेजारी लावलाय. खुलासा वाचला, पण आईला सांगवत नाही."

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. बाई ऐंशीच्या पुढच्या. माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि अभिमानाने फ्रेमकडे बोट केले. "मास्तर, तुम्ही आमच्या मामंजींचं नाव राखलंत." मजकुरात त्यांचे नाव नव्हतेही, पण सुतार म्हटले की ते आलेच. मला पोहे गिळवेनात. मी कसेबसे सांगितले की वहिनी, ती एक गंमत होती. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "विमान नव्हतं होय. पण चाकं तरी होती ना?"

"चाकं होती," मी म्हणालो.

मग त्या बोलू लागल्या. तुंबा कोरायला कसा वेळ लागे, आरे कसे ठोकून बसवत, पुठ्ठे जुळले नाहीत तर मामंजी जेवायला उठत नसत. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे, धाव आवळली जाई आणि सगळे सांधे कडकडून एक होत. एकदा धाव सटकून मामंजींचा पाय भाजला, तो जन्मभर वाकडाच राहिला. अर्धा तास मी ऐकत होतो. वाकडा पाय, न जुळलेले पुठ्ठे... माझ्या कसोटीला उतरणारा अस्सल इतिहास माझ्यासमोर बसून बोलत होता, आणि मी चाळीस वर्षांपूर्वी त्यावर फणस टांगून मोकळा झालो होतो. ज्यांनी फणस काढले त्यांनी तर चाकेही पुसून टाकली. हेच मला सांगायचे आहे. "अभिमान वाटतो ना, मग खोटे असले तर बिघडले कुठे?" असे विचारतात. बिघडते ते हे, की खोट्या विमानाच्या सावलीत खरा चाकवाला दिसेनासा होतो. तळपद्यांचेही तेच झाले. त्या माणसाने खरोखर काय वाचले, काय जोडले, कुठे अडला, हे विचारायला आता कोणी थांबत नाही. पंधराशे फुटांवर नेऊन ठेवल्यावर खाली कोण पाहणार?

निघताना मी विचारले, फ्रेम काढू का? त्या म्हणाल्या, "राहू द्या तूर्त. भिंतीवर डाग पडलाय तिच्यामागे." मग जरा थांबून, "तुम्ही चाकांचं लिहून द्या, मग बदलू." मी लिहायला घेतले आहे. थाप एका बैठकीत लिहून झाली होती. हे दोन कागद तीन आठवडे झाले तरी पुरे होत नाहीत, कारण प्रत्येक वाक्याला त्यांना विचारून यावे लागते.

आमच्या उलव्याला विमानतळ झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पनवेलच्या आभाळात विमान येण्यासाठी खरा डोंगर कापावा लागला, नदीचे पात्र वळवावे लागले, गावे उठवावी लागली. उद्या कोणी सांगेल की १९४२ सालीच इथून विमाने उडत होती. मित्रहो, तसा मजकूर तुमच्याकडे आला तर रागावू नका, भांडू नका. पाठवणाऱ्याला शांतपणे एवढेच विचारा, "फणस कुठे गेले?"

आणि त्या पाठीमागच्या बाकावरच्या मुलीला. बाई गं, तू आता पन्नाशीला आली असशील. हे वाचलेस तर तुझा प्रश्न पुन्हा विचार. या वेळी मी बसतो खाली.